अप्पांनी घातलेलं पाणी

कमलनगर,
रविवार

प्रिय संघपाल,

जय भीम. आधी कामाचं सांगते. लग्नाची पत्रिका अजून छापायला दिली नसशील तर देऊ नकोस, आणि दिली असशील तर छापखान्यात फोन करून थांबव. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव. आपलं लग्न होणार की नाही हे आता तुझ्या हातात आहे. तू म्हणशील, एवढं काय आभाळ कोसळलं, फोन करायचा की. अरे, फोनवर तुझ्याशी नीट भांडता येत नाही. मी दोन वाक्यं बोलते, तू हसतोस, "अगं शांत हो ना" म्हणतोस आणि तेवढ्यात तुझी ऑफिसची मीटिंग लागते. मेसेज पाठवला तर अंगठा दाखवतोस. कागदावर लिहिलं की तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतलाय. शाळा सुटल्यापासून एवढं हाताने लिहिलं नव्हतं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

सुरुवात कूलरपासून करते, कारण आपली सुरुवातही तिथूनच झाली. कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांच्या त्या ग्रुपवर मी विचारलं होतं की प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय, कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतेय, खोली वरच्या मजल्यावर पत्र्याची आहे, उन्हाळ्यात आत भट्टी होते, तर त्याला थंड ठेवायला काय बसवू. एकाने विचारलं, भावासाठी का? एकाने सांगितलं, ताई आधी एसी बसवा. एकाने तर हात जोडलेलं चित्र टाकून मला गेम खेळायचं सोडून द्यायचा सल्ला दिला. तू एकटाच असा निघालास की ज्याने विचारलं, काम काय करतेस? मी सांगितलं, अजून न बांधलेल्या घरांची आणि दुकानांची हलती चित्रं बनवते, हैदराबादच्या एका फर्मसाठी, आणि एकेक चित्र तयार होताना मशीन तासन्तास पूर्ण जोर लावून चालते. तू लिहिलंस, मग डोळे मिटून पाण्यावरचा कूलर घे. मी तुला लांबलचक उत्तर दिलं. त्यावर थोड्या वेळाने तुझं आलं, "तुझं बरोबर आहे. मी पुण्यात एसीत बसून बोलतोय." संघपाल, त्या एका वाक्यावर मी भाळले. मग तू गाव विचारलंस, मी कमलनगर म्हणाले, तू म्हणालास मी बीदरचा, जवळच कोळारला आमचं घर, आणि पुढचं सगळं तुला माहीत आहे. पण मी भाळले ती त्या वाक्यावर, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

माझं उत्तर काय होतं ते तू विसरलास, म्हणून पुन्हा लिहिते. पाण्यावरचा असो की हवेवरचा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड कुणीच करू शकत नाही. पाणी प्रोसेसरची उष्णता उचलून नेणार आणि शेवटी माझ्याच खोलीत सोडणार. खोलीच बेचाळीसला असेल तर दोघांत फरक राहतो चार-पाच अंशांचा, आणि तेवढा तर मी व्होल्टेज थोडं उतरवून मिळवते. दुसरं म्हणजे धूळ. बसस्टँडची धूळ बारा महिने, आणि तुरीच्या राशी सुरू झाल्या की मळणी मशीनचा भुसा पत्र्याच्या फटीतून थेट माझ्या कीबोर्डावर. हवेवरचा टॉवर म्हणजे पत्र्यांची एक चळत आणि दोन पंखे. क्लिपा काढायच्या, ब्रश मारायचा, परत लावायचं. पंखा बिघडला तर उदगीरला मिळतो, नाही मिळाला तर दुसऱ्या कुठल्याही पंख्यावर काम भागतं. पाण्यावरच्याचा पंप बसला तर? तो पाठवा हैदराबादला आणि बसा हात चोळत. लोकांना वाटतं महागाचं आणि दिवे लागणारं म्हणजे चांगलं. आपल्या इथे काय टिकेल ते आपल्याला बघावं लागतं.

तेव्हा मी अप्पांनाही विचारलं होतं. अप्पांनी जन्मभर कमलनगरहून खेड्यांकडे जीप चालवली हे तुला माहीत आहे, पण तू ते ऐकून सोडून दिलंस असं आता वाटतं. मी त्यांना दोन्ही कूलरची चित्रं दाखवली. अप्पांनी चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाले, "हवेचाच घे माय. पाण्याचं यंत्र म्हंजी रोज बघावं लागतंय. एक दिस इसरलीस की इंजन गेलं." मी हवेचा घेतला. तेव्हापासून दर रविवारी आमचा दोघांचा एक कार्यक्रम ठरला. मी मशीनची वायर काढायची, बाजूचं झाकण उघडायचं, आणि अप्पांनी जीपचा एअर फिल्टर साफ करायचा तो जुना मऊ ब्रश घेऊन टॉवरच्या पत्र्यांमधली धूळ झाडायची. मला करू देत नसत. "तू घाई करतीस, पत्रा वाकंल" म्हणायचे. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचे, उलटं फिरू नये म्हणून. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आई खालून ओरडायची, की बाप-लेकीचा डबा धुऊन झाला असेल तर जेवायला या.

आता तुझ्या पराक्रमाकडे येते. साखरपुडा झाला, मी मल्लेश्वरी मॅडमना भेटायला हैदराबादला गेले, कारण त्यांच्या फर्मने पहिल्यांदाच एका मोठ्या हॉस्पिटलचं पूर्ण काम माझ्यावर सोपवलं होतं. मी घरी नाही हे बघून तू पुण्याहून आलास, बरोबर तुझा मित्र शिवकुमार, आणि तुम्ही दोघांनी माझं मशीन उघडलंत. मला न विचारता. आईच्या स्वयंपाकघरातला एक डबा कुणी हलवला तर आई घर डोक्यावर घेते, आणि ते योग्यच आहे असं सगळे मानतात. माझं मशीन मात्र कुणीही येऊन उघडावं. मी परत आले तर खोलीत लाल-निळे-जांभळे दिवे, वरातीच्या बँडची गाडी लावल्यासारखे. माझा टॉवर गायब, त्याच्या जागी प्रोसेसरवर एक गोल डबी, तिच्यातून दोन नळ्या वर गेलेल्या आणि कॅबिनेटच्या छताला रेडिएटर. "सरप्राइज" म्हणालास. माझा टॉवर कुठे विचारलं तर शिवकुमारला देऊन टाकला म्हणालास, जुना झाला होता म्हणे. आई तुला पोळी वाढत होती, शेजारच्या बायका दिवे बघायला आल्या होत्या. मी चारचौघांत थँक्यू म्हणाले. ते थँक्यू आज परत घेते.

आणि तो पासवर्ड. तू कूलर बदललास एवढ्यावर थांबला नाहीस. तू आतली सेटिंग उघडलीस, माझं ओव्हरक्लॉक काढून टाकलंस, वेग कंपनीच्या आकड्यावर आणलास आणि वर पासवर्ड ठोकलास, मी पुन्हा हात लावू नये म्हणून. म्हणजे ज्या कारणासाठी कूलर लागतो तेच काढून घेतलंस आणि कूलर भेट दिलास. पायातली चप्पल काढून घ्यायची आणि छत्री द्यायची, असलं तुझं प्रेम. मी फोन करून पासवर्ड विचारला तर काय म्हणालास, आठव. "लग्नानंतर सांगतो." लग्नानंतर सांगतो म्हणजे काय रे? मशीन माझं, काम माझं, खोलीचं वायरिंग मी करून घेतलेलं. माझ्या मशीनचा वेग किती असावा हे मला लग्नानंतर कळणार? बोर्डावरचा सेल काढला की पासवर्ड उडतो हे तुला माहीत असेलच, मलाही माहीत आहे. काढला, उडवला, माझा वेग परत लावला. तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं तू प्रेमाने केलंस, तुला वाईट वाटेल. बघ, मी तुझ्या मनाचा किती विचार करत होते.

पण तू केलेली खरी गोष्ट तेव्हा मला माहीतच नव्हती. ती मला अप्पांकडून नंतर कळली. मशीन बंद करून निघताना तू त्यांना वर बोलावलंस, छताला बसवलेली ती जाळी दाखवलीस आणि मोठ्या अभिमानाने म्हणालास, "मामा, हा रेडिएटर. तुमच्या जीपला असतो ना, अगदी तस्सा. आत पाणी फिरतंय." एवढंच. हे सीलबंद आहे, यात कधी काही घालायचं नसतं, हे पुढचं वाक्य तू बोलला नाहीस. तुला ते बोलायची गरज वाटली नाही, कारण तुझ्या ओळखीत असा एकही माणूस नाही ज्याने उभ्या आयुष्यात रेडिएटरमध्ये रोज पाणी घातलंय. अप्पांनी घातलंय. पहाटे उठल्यावर चहाच्या आधी. ठाणाकुशनूरच्या रस्त्यावर भर उन्हात माणसं टपावर बसवून जीप चढ चढायची, तेव्हा ज्याने सकाळी पाणी बघितलं नाही त्याचं इंजिन बसलेलं त्यांनी कितीदा तरी बघितलं होतं. आमच्या घरात जीप विकून इतके दिवस झाले तरी पाण्याचा तो कॅन अजून जिन्याखाली आहे. अशा माणसाला तू सांगितलंस, तुमच्यासारखाच रेडिएटर आहे, आणि पुण्याला निघून गेलास.

मग ती सकाळ. हॉस्पिटलच्या पुढच्या दालनाचं चित्र तयार होत होतं, मशीन पूर्ण जोरात चालू, मी खाली मोरीत कपडे धूत होते. अप्पा वर गेले. पूर्वी रविवारी ब्रश मारायचं काम असायचं, तुझ्या कूलरने ते गेलं होतं, पण रेडिएटर आला म्हटल्यावर त्यांनी आपल्यापुरतं नवं काम धरलं. रोज सकाळी जाऊन वरून तळहात लावून बघायचे, किती गरम आहे ते. मला वाटायचं सहज येतात. त्या दिवशी ऊन सकाळपासूनच कडक होतं आणि वरून गरम हवेचा झोत येत होता. त्यांना वाटलं, पाणी आटलं. टोपण शोधलं, सापडलं नाही. वरची जाळी चुंबकाने चिकटवलेली असते, ती हलकेच निघाली, तेव्हा त्यांना वाटलं हेच टोपण. बोअरचं पाणी त्यांनी घेतलं नाही. बोअरच्या क्षाराने रेडिएटर चोंदतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. फिल्टरचं पाणी तांब्यात घेऊन आले आणि बारीक धार धरली. तडतड ऐकून मी साबणाचे हात घेऊन धावले तोवर घरभराचा करंट गेला होता आणि जळक्या वासाने खोली भरली होती. अप्पा तांब्या घेऊन उभे होते. म्हणाले, "माय, मी जास्ती घातलो न्हाई. अर्धा तांब्या बी न्हाई."

बोर्ड गेला, ग्राफिक्स कार्ड गेलं. हॉस्पिटलचं काम वेळेत झालं नाही, मल्लेश्वरी मॅडमनी थोडं थांबून ते दुसऱ्याला दिलं. त्या वाईट एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यानंतर त्यांचा फोनही आला नाही. हे सगळं मी सोसलं. मशीन परत उभं राहतं, काम परत मिळतं. त्याच दुपारी मी तुला फोन केला, सगळं सांगितलं, रडले सुद्धा. तू पोट धरून हसलास. मी स्वतःची समजूत घातली की काही माणसांना धक्का बसला की हसू येतं. मी तुला तेव्हा एक गोष्ट बजावली होती, की अप्पांना फार लागलंय, हा विषय कुठे काढू नकोस. तू हो म्हणालास.

चौदा एप्रिलला जयंतीचं जेवण तुमच्या कोळारच्या घरी होतं. वंदना झाली, अंगणात मांडव, तुझे नातेवाईक, तुझ्या वडिलांच्या कारखान्यातली माणसं, माझे अप्पा आणि आई पहिल्यांदाच व्याही म्हणून आलेले. तू वाढत होतास. अप्पांच्या पंगतीजवळ आलास, वरणाची बादली खाली ठेवलीस आणि सुरू केलंस. तांब्या तिरका धरल्यासारखा हात केलास, मान तिरपी केलीस आणि अप्पांचा आवाज काढलास, "जरा पानी कमी वाटलं बगा." आवाज हुबेहूब काढलास. सगळी पंगत हसली. ते कारखान्याचे ईरण्णा साहेब ठसका लागेपर्यंत हसले. कुणीतरी म्हणालं, "मामा, आता मोबाइलमधी डिझेल घाला." पुन्हा हसणं. मी बायकांच्या बाजूला हातात पोळ्यांची परात घेऊन उभी होते, आणि मी अप्पांकडे बघत होते. अप्पाही हसले. सगळ्यांबरोबर हसले आणि म्हणाले, "व्हय, आमी अडाणी मानसं, आमाला काय कळतंय."

संघपाल, माझ्या सगळ्या जन्मात हा शब्द मी अप्पांच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकला नव्हता. पोलिसाने विनाकारण जीप अडवली तर भर रस्त्यात कायदा विचारणारा हा माणूस. मला डिप्लोमाला घालताना नातेवाईक म्हणाले की पोरीला एवढं शिकवून काय करायचंय, तेव्हा त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवणारा. आणि त्याच्यावर तू हशा पिकवलास तो कुठल्या दिवशी, तर शिका म्हणून सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या जयंतीला, त्यांच्या हार घातलेल्या फोटोसमोर. शिकून आपण हेच शिकलो का? मी तिथेच बोलणार होते. आईने माझं मनगट धरलं. "गप ऱ्हा. जावई मानूस हाय. पोरगं गमतीनं बोलायलंय, कामून मनावर घेतीस?" मी परात घेऊन पोळ्या वाढायला गेले. जेवण मला गेलं नाही, तू विचारलंस सुद्धा, डोकं दुखतंय का म्हणून.

चूक कुणाची होती ते एकदा सरळ विचार करून बघ. अप्पांना जे माहीत होतं ते सगळं खरं होतं. रेडिएटरमध्ये पाणी असतं, ते आटतं, उन्हाळ्यात जास्त आटतं, बोअरचं घालू नये. त्यांना फक्त एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती सांगणं तुझं काम होतं. तू अर्धं सांगितलंस. तुझ्या ऑफिसात कुणी गिऱ्हाइकाला अर्धं सांगून यंत्र हातात दिलं आणि ते जळलं, तर तुम्ही गिऱ्हाइकाला हसता की सांगणाऱ्याला जाब विचारता? शिवाय ते यंत्र तिथे नकोच होतं. मी नको म्हटलं होतं, अप्पांनी नको म्हटलं होतं, आणि तू स्वतः "तुझं बरोबर आहे" म्हटलं होतंस. माझं बरोबर होतं तर मला न विचारता बदललंस का? आणि सगळं होऊन गेल्यावर हसायला सापडले ते अप्पा.

मी नवा बोर्ड बसवला. त्यावर पुन्हा हवेवरचाच टॉवर मागवून लावलाय, या वेळी थोडा उंच, पंखे मोठे आणि सावकाश फिरणारे, कारण सावकाश फिरणारा पंखा धूळ कमी खेचतो असा माझा अनुभव आहे. तुझा पाण्यावरचा पुसून, वाळवून, त्याच्या खोक्यात भरून ठेवलाय. त्याला काही झालेलं नाही, चालतो. घेऊन जा आणि शिवकुमारला दे. टॉवर बसवताना मी वरून अप्पांना हाक मारली, की जरा धरायला या. ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "तूच कर माय, माझा हात नको लागाया." जयंतीपासून ते वर आले नव्हते. नुसतं वर नाही, त्यांनी घरातल्या कुठल्याच यंत्राला हात लावायचं सोडलंय. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं काम त्यांचं, ते त्यांनी आईला सांगून सांगून तिच्याकडून करून घेतलं. मिक्सरचं बटण सुद्धा आई दाबते. गल्लीतल्या बाया शिलाई मशीन घेऊन त्यांच्याकडे यायच्या, परवा एकीला त्यांनी सांगितलं की बीदरला दाखवा, मला कळत नाही. ती बाई माझ्याकडे बघायला लागली.

हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी मी पत्र लिहायला बसले नव्हते. वाटत होतं, दिवस जातील, विसरतील. काल सकाळी अप्पा जिना चढून वर आले. मला इतका आनंद झाला की मी उठून ब्रश शोधायला लागले. पण ते आत आले नाहीत, दाराशीच उभे राहिले आणि खाली बघत बोलले. म्हणाले, "माय, एक इचारायचं हुतं. लग्नात मी पाव्हण्यांत न्हाई बसत, पंगतीकडं बघतो. फोटोला बी तुझ्या काकाला उभं कर, त्यो मास्तर हाय, चांगला बोलतोय. मी काय तरी बोलून जातो, आन् मग चारचौघांत तुझी हशी व्हती." एवढं म्हणून माझ्या उत्तराची वाट न बघता खाली उतरले. माझा बाप माझ्याकडे माझ्या लग्नात मागे उभं राहायची परवानगी मागत होता, म्हणून हे पत्र. ज्या लग्नात अप्पा माझ्या शेजारी उभे नसतील ते लग्न मी करणार नाही, मग तू कितीही आवडत असलास तरी, आणि तू मला फार आवडतोस हे तुला माहीत आहे. मला फोनवरची सॉरी नको. ज्या माणसांना तू हसवलंस त्यांनाच कोळारच्या त्याच अंगणात जेवायला बोलाव. अप्पांना शेजारी बसव आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, की पाणी घालायचं नसतं हे मीच मामांना सांगितलं नव्हतं, चूक माझी होती. जमत असेल तर पुढच्या रविवारी ये. जमत नसेल तर नुसतं तसं लिहून कळव, मी भांडणार नाही. आणि अप्पांना यातलं काही विचारू नकोस. त्यांना या पत्राचा पत्ता नाही, आणि लागला तर ते माझ्यावर रागावतील आणि तुझी बाजू घेतील.

अजून तरी तुझीच,
प्रियंका